एकतिसावा दिवस

गोळ्यांची पट्टी कापायचा एक नियम असतो. ज्या टोकाला बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली असते ते टोक राखून ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूनं कापत यायचं. डी. फार्म.च्या दोन वर्षांत मला हे कोणी सांगितलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांनी काउंटरमागे उभं करून शिकवलं. "तारीख गेली की गोळी मुकी झाली," असं म्हणायचे ते. मुकी गोळी विकायची नाही आणि कोणाला फुकटही द्यायची नाही.

आमचं दुकान मेडिकल चौकाच्या जरा अलीकडे आहे. (नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकानही आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही. 'बाबांना मेडिकलला नेलं' यातलं मेडिकल कोणतं, ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.) गडचिरोलीहून, बालाघाटहून, छिंदवाड्याहून आलेली माणसं आमच्या पायरीवर येऊन उभी राहतात. एका हातात चिठ्ठी, दुसऱ्या हातात जुन्या पट्टीचा तुकडा. त्या तुकड्यावर बहुतेक वेळा तारीख नसतेच.

त्या पायरीवरूनच मी आरोग्य शिबिरांत जाऊ लागले, त्याला आता सात वर्षं झाली. मेडिकलमधून निवृत्त झालेले एक सर्जन आमच्याकडून औषधं घेतात. एकदा बिलाचे पैसे मोजता मोजता म्हणाले, "मॅडम, रविवारी काय करता? गडचिरोलीत, कोरचीकडे येता का? डॉक्टर मिळतात हो, औषध समजावून सांगणारं माणूस मिळत नाही." घरी विचारून सांगते म्हटलं आणि घरी न विचारताच संध्याकाळी हो कळवलं.

घरी कळलं तेव्हा दिरांनी विचारलं, "म्हणजे वहिनी, तुम्ही आता स्वयंसेवक?" नागपुरात हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेशीमबागेचं मैदान येतं आणि पुढचा प्रश्न 'शाखा कोणती?' असा असतो. मी म्हटलं, "शाखा नाही भाऊजी, पट्टी." कोणी हसलं नाही. पण तो शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला तो लागलाच. आपण स्वयंसेवक आहोत असं मला सुरुवातीला फार अभिमानानं वाटायचं. आता तसं म्हणवून घ्यायला जीभ अडखळते. का अडखळते, तेच लिहायला बसले आहे.

पहाटे चारला क्रूझर निघते. उमरेडपर्यंत सगळे पेंगत असतात. भिवापूरला चहा, मग नागभीड, ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल, आरमोरी. कुरखेड्यानंतर मोबाइलची रेंज येऊन-जाऊन असते आणि झाडं रस्त्याच्या अगदी कडेला येतात. पहिल्या फेरीला मी काय काय सोबत घेतलं होतं! छोटी कागदी पाकिटं, लेबलं, चार रंगांची स्केचपेनं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे, ही कल्पना तेव्हा मला माझी स्वतःची वाटत होती. पुढे कळलं, जगातल्या प्रत्येक शिबिरात कोणी ना कोणी ती नव्यानं शोधून काढतं.

शिबिर मार्चअखेरच्या रविवारी ठेवलं होतं. आमच्यातल्या दोघांच्या घरी एप्रिलमध्ये लग्नं होती आणि देणगी देणाऱ्यांना मार्च संपायच्या आत खर्च दाखवायचा होता. तारीख ठरायला एवढी दोन कारणं पुरली. नऊच्या सुमारास शाळेच्या व्हरांड्यात टेबलं मांडून बसलो, मागे बॅनर लावला. साडेअकरा वाजेपर्यंत तीन माणसं आली. त्यातल्या एक म्हणजे शाळेतल्या खिचडीवाल्या बाई. त्यांना काहीही झालेलं नव्हतं, पण आमचे पडलेले चेहरे बघून त्यांनी बीपी मोजून घेतलं. सर्जनसाहेब वैतागले, "फुकट आहे ना, म्हणून किंमत नाही."

गावची आशाताई, म्हणजे गावातलं आरोग्याचं काम पाहणारी, भिंतीला टेकून उभी होती. तिशीच्या आतबाहेरची, खांद्याला कापडी पिशवी. ती इतक्या हळू बोलली की साहेबांना पुढे वाकावं लागलं.

"सर, मोहा पडून राह्यला. चारलेच गेले सारे जंगलात. पंधरा-वीस रोज पडते, मंग वर्षभर नाई. मले इचारलं असतं तं सांगतलं असतं."

मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर गुरं खातात, हरणं खातात, अस्वलं तर टपलेलीच असतात. वाळवून ठेवली की घरात वर्षभर तीच रोकड असते. एवढं सोडून बीपी मोजायला कोण येईल? मी तरी माझं दुकान पहिल्या तारखेला सकाळी बंद ठेवून कुठे गेले असते का?

बारानंतर माणसं टोपल्या घेऊनच आली. अख्ख्या व्हरांड्यात मोहाचा तो गोड, थोडासा आंबूस वास भरला. हिमोग्लोबिनसाठी बोटाला सुई टोचायची तर बोटं इतकी चिकट की स्पिरिटचा बोळा एकदा फिरवून भागेना. तीनदा पुसायचं, वाळू द्यायचं, मग टोचायचं. एका बाईच्या बोटाचं कातडं इतकं राठ होतं की पहिल्या टोचणीला रक्तच आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली आणि दुसरा हात पुढे केला, "हा मऊ हाय."

त्या दुपारी एका आजाला मी अम्लोडिपिनच्या तीस गोळ्या दिल्या. बीपी चांगलंच वाढलेलं होतं. पाकिटावर झोकात सूर्य काढला, किरणं वगैरे. "रोज सकाळी एक," म्हटलं. आशाताईनं ते पाकीट हातात घेऊन पाहिलं.

"मॅडम, हा सूर्य कोनता? उगवतानाचा का डोक्सावरचा?"

मला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावून सांगितलं. या दिवसांत सूर्य उगवतो तेव्हा आजा जंगलात असतो आणि गोळ्या घरी आढ्याला टांगलेल्या असतात. परत येतो तेव्हा सूर्य डोक्यावर आलेला असतो, म्हणजे चित्रातला तो सूर्य टळून गेलेला असतो. मग आजा म्हणणार, आजची हुकली, उद्या पाहू. अम्लोडिपिन सकाळी घ्या की रात्री, जेवून घ्या की उपाशी, फारसा फरक पडत नाही. रोज ठरल्या वेळी घेतली पाहिजे एवढंच. हे मला पाठ होतं. 'सकाळी' हा शब्द माझ्या हातून निव्वळ सवयीनं लिहिला गेला होता, कारण आमच्या दुकानात येणाऱ्यांची सकाळ चहा-बिस्किटानं सुरू होते. मी सूर्यावर काट मारली आणि चंद्र काढला. आशाताईनं आजाला गोंडीत काहीतरी सांगितलं. आजानं चंद्रावरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

संध्याकाळी बॅनरपुढे फोटो काढला. ग्रुपवर मजकूर पडला : लाभार्थी ११८. तो मीच टाईप केला होता.

पुन्हा गेलो ते जूनच्या शेवटी, तीन महिन्यांनी. आजा आला आणि कमरेच्या धोतरातून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. आत अकरा गोळ्या शिल्लक होत्या. चेहऱ्यावर काय आनंद! "वाचवल्या," तो म्हणाला. डोकं दुखेल त्या दिवशी एक घ्यायची, एरवी नाही. आमची महागाची वस्तू त्यानं जपून वापरली होती. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईनं उलट केलं होतं. तिनं तीसच्या तीस गोळ्या न चुकता संपवल्या आणि दुखणं गेलं असं समजून रिकामी पट्टी जपून ठेवली. आम्हाला दाखवायला तीही घेऊन आली होती. तिचं बीपी मार्चपेक्षा जास्त भरलं.

परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्यातली तरुण डॉक्टर म्हणाली, की इथे औषधाचा अनुभव म्हणजे मलेरियाचा. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा किती मोठा असतो ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. थंडी वाजते, ताप चढतो, आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर तपासते, तीन दिवसांच्या गोळ्या देते आणि माणूस उठून कामाला लागतो. औषध म्हणजे संपणारी गोष्ट. जे दुखत नाही, खुपत नाही, त्यासाठी मरेपर्यंत रोज एक गोळी खायची, हे आम्ही त्यांना एका पाकिटावर चंद्र काढून सांगू पाहत होतो. आणि तेही तीसच गोळ्या देऊन. एकतिसाव्या दिवशी काय करायचं, हे आमच्यापैकी एकानंही बोलून दाखवलं नव्हतं, कारण एकतिसाव्या दिवशी आम्ही नागपुरात असणार होतो.

शिबिर हा शब्दच थोडा फसवा आहे. त्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि मधे एक आकडा असतो. तो आकडा मोठा असला की सगळ्यांना बरं वाटतं. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, बिलासपूरजवळ, नोव्हेंबर २०१४ मध्ये नसबंदीच्या एका सरकारी शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्या दिवसांत तिथल्या शिबिरांतल्या डझनाहून जास्त बायका दगावल्या. आमचं काम त्या जातीचं नाही, हे मला कळतं. तरी लाभार्थींचा आकडा टाईप करताना मला ते ८३ आठवतात.

आता औषधांच्या पेटीबद्दल. याविषयी मी जरा जास्त बोलते, घरचे वैतागतात, पण माझा धंदाच तो आहे.

आमच्या गटातल्या कोणाला तरी सुचलं की सोसायट्यांमध्ये पेट्या ठेवाव्यात, घरोघरी उरलेली औषधं त्यात टाकायला सांगावीत. कल्पना सगळ्यांना आवडली. महिनाभरात आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत सात खोकी येऊन पडली. मी आणि माझी मुलगी दोन रविवार ती निवडत बसलो. अर्धी प्यायलेली खोकल्याची बाटली, झाकणाला सुकलेला पाक. डोळ्यांत टाकायचे उघडलेले थेंब, जे उघडल्यावर महिनाभरच चालतात. कोणाचे तरी थायरॉइडचे, कोणाच्या तरी गेलेल्या आजीचे हृदयाचे. प्रथिनांच्या पावडरचा डबा, त्यात चमचाही तसाच. आणि पट्ट्या, चार-चार, सहा-सहा गोळ्या उरलेल्या, भलत्याच टोकानं कापलेल्या. तारीख गेलेली. सासरे असते तर त्यांनी सगळ्या शहराला काउंटरमागे उभं केलं असतं. सात खोक्यांतून कामाचं निघालं ते एका पिशवीत मावलं. बाकीचं रीतसर नष्ट करायला पैसे लागले, आणि ते आम्हीच भरले.

हे फक्त नागपूरकरांचं नाही. जगभर माणसं अशीच देतात. १९९२ ते ९६ या काळात बोस्नियात युद्ध चालू असताना मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन निरुपयोगी निघाली, मुदत संपलेली किंवा तिथे कोणाला न लागणारी. पुढे ती जाळायची कुठे, हा प्रश्न त्या बिचाऱ्यांपुढे उभा राहिला. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं औषधदानाचे नियम केले. एकदा रुग्णाच्या हातात गेलेलं औषध परत दानात घ्यायचं नाही, पोचेल तेव्हा निदान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी, आणि मुळात समोरच्यानं मागितलं असेल तेच पाठवायचं. तरी २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियातल्या आचेमध्ये सुमारे ४,००० टन औषधं येऊन पडली आणि त्यातली अर्ध्याहून जास्त त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतच नव्हती. मी हे वाचलं तेव्हा मला त्या ढिगाऱ्यात आमच्या सोसायटीतला पावडरचा डबा स्पष्ट दिसला.

पेट्या आम्ही बंद केल्या. दोन-तीन जण रागावले. "गरिबाला तेवढंच," एक काकू म्हणाल्या. काकू सज्जन आहेत, म्हणून मी गप्प बसले. पण जे औषध आपण आपल्या नातवाला देणार नाही, ते गरिबाला तरी का द्यायचं?

आता आशाताईकडे येते.

एकदा पावसाळ्यानंतरच्या फेरीत मी तिच्या घरी जेवले. भात, आंबाडीची भाजी, सुकट. जेवण झाल्यावर तिनं पिशवी आवरायला घेतली आणि मी सहज विचारलं, काय काय असतं यात? तिनं चटईवर मांडलं. थर्मामीटर. बाळाला झोळीत घालून तोलायचा काटा. मलेरिया तपासायची किटं. ओआरएस, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या. गर्भ राहिला की नाही ते तपासायची पट्टी. आणि रजिस्टरं, एकावर एक, पिशवीचं अर्धं वजन त्यांचंच. दवाखान्यात बाळंतीण झाली की ४२ दिवसांत सहा वेळा त्या घरी जायचं. तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. वजन, ताप, श्वास, बेंबी, अंगावर पितं की नाही. या सहा खेपांचे मिळून तिला २५० रुपये मिळत होते. मी मनातल्या मनात भागाकार केला. एका खेपेला एक्केचाळीस रुपये आणि काही पैसे. त्यातली दोन घरं ओढ्यापलीकडे.

"आनि पगार?" मी विचारलं.

"पगार नाई मॅडम. आमी कर्मचारी नाई ना. आमी स्वयंसेविका."

तो शब्द तिनं अगदी सहज वापरला, कागदावर वाचलेला म्हणून. आणि ते खरंच आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हा आशा म्हणजे मानसेवी स्वयंसेविका, तिला पगार नाही, कामागणिक मोबदला, असंच ठरलेलं होतं. राज्यानं वर काही मानधन जोडलं, तेही संप-मोर्चे करून करून. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा मिळून गौरव केला. ताईला विचारलं, तर म्हणाली, "हो, मेसेज आलता."

म्हणजे आम्ही दोघी स्वयंसेविका. मी तीन महिन्यांतून एक रविवार देते. येताना गाडीत गाणी लागतात, भिवापूरला मिरची-भजी होतात, घरी आल्यावर शेजारी कौतुक करतात. मनात आलं तर मी पुढच्या खेपेला जाणार नाही. तिला चोविसाव्या दिवशी मध्यरात्री कोणीतरी दार वाजवून उठवतं आणि ती नको म्हणू शकत नाही. शब्द मात्र दोघींना एकच. मला तो शोभा म्हणून मिळाला आहे आणि तिला पगार द्यायला लागू नये म्हणून. त्या दिवसापासून मला स्वतःला स्वयंसेवक म्हणवत नाही.

आणि गंमत अशी की काम कोणाच्या हातून होतं याचं उत्तर याच जिल्ह्यात फार पूर्वी मिळालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, दोघेही आमच्या नागपूरच्या मेडिकलमधलेच, १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. त्यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवलं. नवजात बाळाचं वजन करणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं, आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं. थोड्या शाळा शिकलेल्या बाईनं एवढ्याशा बाळाला इंजेक्शन द्यायचं, म्हटल्यावर कितीतरी डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या असतील. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते. आशाताईच्या त्या सहा खेपा तिथूनच निघालेल्या आहेत. २०११ पासून ते काम देशभरच्या आशांकडे आलं. ताईला हे ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाली, "मंग अडीचशे कोनी ठरवले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गाडीत सर्जनसाहेबांना गोष्टी सांगायची हौस आहे. नागभीडच्या फाटकाशी अडकलो असताना एकदा त्यांनी विचारलं, "डॉ. कोटणीस माहीत आहेत ना सगळ्यांना?" सगळ्यांनी हात वर केले. "आणि डॉ. चोळकर?" एकही हात नाही.

१९३८ ची गोष्ट. जपाननं चीनवर हल्ला केला होता. तिकडून चिनी सेनापती चू-तेह यांचं पत्र नेहरूंना आलं की डॉक्टर पाठवा. सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांनी लोकांना हाक दिली. २२,००० रुपये जमले, रुग्णवाहिका घेतली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस, आणि आपल्या नागपूरचे चोळकर. कोटणीस तिथेच राहिले. जखमींवर शस्त्रक्रिया केल्या, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवलं, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. त्यांच्या नावानं भारतात टपाल तिकीट निघालं, चीनमध्येही निघालं. चोळकर परत आले. दुकानावर येणाऱ्या दहा-बारा जाणत्या माणसांना मी नंतर मुद्दाम विचारलं, एकालाही नाव ठाऊक नव्हतं.

मला मात्र चोळकर जवळचे वाटतात. त्या काळात, समुद्रावरून, लढाई चालू असलेल्या परक्या देशात जायचं हे काही भिवापूरला चहा पिऊन जाण्यासारखं नव्हतं. गेले, होईल तेवढं केलं आणि घरी आले. आम्ही सगळे त्यांच्याच पंगतीतले, जाऊन परत येणारे. कोटणीस होणं आमच्यापैकी एकालाही जमणार नाही, आणि गाडीत बसून तसं बोलणंही बरं नाही. पण परत येणाऱ्यानं निघताना मागे काय ठेवायचं, एवढं तरी आम्ही शिकू शकतो. १९८२ मध्ये 'ऑर्बिस' या संस्थेचं विमान उडालं. आत डोळ्यांचं शस्त्रक्रियागृह, आणि त्याच विमानात स्थानिक डॉक्टरांना बसून शिकता येईल अशी वर्गखोली. काठमांडूच्या डॉ. संदुक रुइत यांनी तिलगंगा नेत्रकेंद्रात डोळ्यांत बसवायची भिंगं तिथल्या तिथेच तयार करायला घेतली. शंभर डॉलरच्या वर जाणारं परदेशी भिंग पाच डॉलरच्या आसपास आलं. पाहुणे गेल्यावरही मोतीबिंदू निघत राहिले, ते त्यामुळे.

आमच्याकडे विमान नाही. आम्ही केलं ते किरकोळच आहे. तारीख आता ताईला विचारून ठरते. मोहात नाही, तेंदूपत्त्यात नाही, रोवणीत तर नाहीच. बीपीची औषधं आम्ही आमची नेत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी गोळी मिळते तीच लिहायची, नाव त्यांच्या यादीत चढवायचं आणि पहिली चिठ्ठी ताईच्या हातात द्यायची. बॅनर अजून लागतो, देणगीदारांना हवा असतो. आणि माझा फोन नंबर चारही गावच्या आशांकडे आहे. शेवटची ही गोष्ट मला आधी सगळ्यात फालतू वाटली होती.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी सात-साडेसातला, दुकानात गर्दी होती. फोन वाजला, फोटो आला. कोणाच्या तरी बोटांत धरलेली गोळ्यांची पट्टी. खाली लिहिलं होतं, "मॅडम हे तेच हाय का? आजा नाई म्हनते. पैले पांढरी होती."

केंद्रात या वेळी दुसऱ्या कंपनीची गोळी आली होती, फिकट गुलाबी. शहरातले शिकलेले लोकही रंग बदलला की पट्टी काउंटरवर आपटतात, तिथे आजाचं काय चुकलं? मी फोटो मोठा करून पाहिला. नावाची पहिली चार अक्षरं दिसत होती, पुढचं सगळं ताईच्या अंगठ्याखाली.

"ताई अंगठा काढा. तारीख दिसत नाही," मी लिहिलं. एकच टिक. समोर एक दादा डोलो मागत होते, त्यांच्यामागे एक बाई डायपर हातात घेऊन उभ्या. दोन मिनिटं, तीन मिनिटं, एकच टिक. मी डोलो दिली, सुटे पैसे परत केले, डायपरचं बिल केलं. मग दुसरा फोटो आला. आता पट्टी एका उघड्या तळहातावर होती, तळहात आजाचा, चारही बाजूंना भेगा, आणि पट्टीचं तारखेचं टोक अंगठ्यापासून लांब धरलेलं. अम्लोडिपिन पाच. मुदत पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत.

मी फोन लावला. खरखर, मधेच कुत्रं भुंकलं, मग ताईचा आवाज, "थांबा, त्यालेच सांगा."

"आजा, हीच गोळी आहे," मी इतक्या मोठ्यानं बोलले की डायपरवाल्या बाई दचकल्या. "रंग बदलला फक्त. गोळी तीच."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, कटला.

मग आजा म्हणाला, "चांदवाली?"

"हाव आजा. चांदवाली."